साठीशांत आणि रानपिंगळा

साठीशांतीऐवजी घुबड बघायला गेलेला आमच्या कुळातला पहिला पुरुष म्हणून ह्यांचं नाव राहील. सासूबाईंनी दिवाळीतच गुरुजींना तारीख देऊन ठेवली होती. ओवाळायला साठ निरांजनं लागतात, ती कोणाकोणाच्या देवघरातून आणायची याची यादीही तयार होती. आणि हे जेवताना आमटीची वाटी पुढे सरकवत म्हणाले, "मला होमबीम काही नको. मला रानपिंगळा पाहायचाय."

सासूबाईंना अलीकडे कमी ऐकू येतं. त्यांना वाटलं, पहाटे कुडमुडं वाजवत दारात येऊन भविष्य सांगतो, तो पिंगळा. त्या एकदम खुलल्या. "बोलवा की! पसाभर तांदूळ नि तुझा जुना सदरा देऊ त्याला. हल्ली येतात कुठे शहरात?" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन खरा प्रकार सांगितला. बराच वेळ त्या भात कालवत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "तुझे सासरे साठीला काशीला गेले होते."

हे बँकेतून निवृत्त झाल्यापासून पक्षी बघतात. आधी दुर्बीण आली. मग दुर्बीण किरकोळ वाटावी असा कॅमेरा आला. मग कॅमेऱ्याला शोभावं म्हणून पानापानांची नक्षी असलेलं जाकीट, टोपी आणि विजार आली. जंगलात माणूस उठून दिसू नये म्हणून हे कपडे असतात म्हणे. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत, क्रीम रंगाच्या जिन्यात, त्या कपड्यांतला माणूस सोडून दुसरं काहीच दिसत नाही. वॉचमन पहाटे सॅल्यूट ठोकतो. साहेबांना सैन्यात परत बोलावून घेतलंय अशी त्याची समजूत आहे आणि ती दूर करावी असं ह्यांना अजून तरी वाटलेलं नाही.

मी बरोबर जाते, कारण थर्मास कोणीतरी सांभाळावा लागतो. दर हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वर ठरलेलं. २०२० साली त्याला महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून मान मिळाला, तेव्हापासून निफाडच्या रस्त्याला लागलं तरी मला आपण परदेशी निघालोय असं वाटतं. तिथेच माझ्या 'दिसला'ची सुरुवात झाली.

पक्षी दाखवणारी माणसं मोठी प्रेमळ असतात, पण त्यांची भाषा जमिनीच्या मोजणीची असते. "दोन वाजताच्या दिशेला बाभूळ. बाभळीची तिसरी फांदी. तिला जिथे बेचकी फुटते तिच्या मागे वाळकं पान. पानाच्या डावीकडे. दिसला?" माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. वर बघितलं तर लांबचं, खाली बघितलं तर जवळचं, आणि दुर्बीण लावली की फक्त माझ्याच पापण्या. मी बाभळीपर्यंत पोचेस्तोवर बाकीच्यांची वहीत नोंद झालेली असते आणि सगळे माझ्याकडे बघत असतात. घोळक्याने थांबून राहिलेल्या सज्जन माणसांना ताटकळत ठेवणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हणते, "दिसला." सगळे सुखावतात, मीही सुखावते, पक्ष्याला तर काहीच फरक पडत नाही.

यात थोडं कसब लागतं. विचारल्याबरोबर 'दिसला' म्हणायचं नाही, जरा दम खायचा. दुर्बीण किंचित उजवीकडे न्यायची. 'अय्या' म्हणायचं नाही, त्याने लोक संशय घेतात. आणि शेवटी हळूच, "शेपटी हलवली बघा." ही पुस्ती कधी वाया जात नाही, कारण शेपटी न हलवणारा पक्षी देवाने अजून घडवलेला नाही. माझ्या नावावर आज जी भलीमोठी यादी आहे, तिच्यातले कावळा, चिमणी आणि बगळे सोडले तर बाकीच्यांची मी हमी घेत नाही.

तर रानपिंगळा. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा आणि तोरणमाळच्या मध्ये कुठेतरी तो बसतोय अशी बातमी ग्रुपवर आली. नेमकी जागा सांगायची नाही अशी आम्हा सर्वांकडून शपथ घेतली आहे, म्हणून 'कुठेतरी'. पाच जणांची जीप ठरली: हे, मी, ग्रुपचे ॲडमिन, लेन्सवाले आणि कॉम्प्युटरमधला एक तरुण. लेन्सवाल्यांच्या लेन्सला खिडकीची जागा लागते. मला मागच्या आडव्या बाकड्यावर, स्टेपनीशेजारी, उलट्या दिशेला तोंड करून बसवलं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

पहाटे जीप आमच्या सोसायटीतून मागे घेताना तिच्या पोटातून मोठ्यांदा 'हॅपी बर्थडे'ची धून वाजायला लागली. ह्यांना वाटलं, साठीनिमित्त ग्रुपने काहीतरी केलंय. हे गहिवरले. टोपी काढून सगळ्यांना हात जोडून "कशाला, कशाला" म्हणाले. धून संपली आणि एक बाई खणखणीत हिंदीत म्हणाली की सावधान, गाडी मागे येत आहे. मग पुन्हा 'हॅपी बर्थडे'. चौथ्या मजल्यावर दिवा लागला. ह्यांनी टोपी परत घातली.

"रिव्हर्स हॉर्न आहे," ड्रायव्हरभाऊ अभिमानाने म्हणाले. "मेहुण्याने बसवला."

धुळे गेलं, दोंडाईचा आलं. दोंडाईच्याजवळ मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या होत्या, नजर पोचेल तिथपर्यंत लाल. आम्ही सगळे शिंकलो. सारंगखेड्याला तापी ओलांडली. दत्तजयंती नुकतीच झालेली, घोड्यांची यात्रा ऐन भरात. पांढरेशुभ्र घोडे, गळ्यात घुंगरं, एकेकाची किंमत ऐकून आपण उगाच फ्लॅट घेतला असं वाटावं. उतरून बघूया म्हटलं, तर घोडा यादीत धरत नाहीत असं मला समजावून सांगण्यात आलं. एका घोडीच्या पायाशी गायबगळा होता. तो सगळ्यांनी बघितला.

रात्री शहाद्याच्या लॉजवर शेवभाजी खाताना ह्यांनी रानपिंगळ्याची कथा लावली. ह्यांच्या कथा मी सहसा ऐकत नाही, पण त्या रात्री शेवभाजीने जीभ पोळलेली असल्यामुळे मध्ये बोलता येत नव्हतं.

१८७२ साली ब्लूइट नावाच्या साहेबाने आजच्या छत्तीसगडात बसना गावाजवळ हे घुबड मारलं. पुढच्या वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने त्याला ब्लूइटचंच नाव दिलं. हा ह्यूम म्हणजे शाळेत काँग्रेसच्या स्थापनेत येतो तोच. काँग्रेसच्या आधी तो पक्ष्यांचीच मोट बांधत होता, आणि ते काम त्याला जास्त आवडत असावं. मग खान्देशात जेम्स डेव्हिडसन नावाचा सनदी अधिकारी आला. त्याने शहादा-तळोद्याच्या रानात आणखी काही मारले, शेवटचा १८८४ साली. त्यानंतर काही नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून मूठभर कातडी, पोटात भुसा आणि पायाला चिठ्ठी. पक्षी गायब.

"आणि नंतर," हे भाकरी मोडत म्हणाले, "कर्नल माइनर्टझागेनने जाहीर केलं, मी १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवीला एक मारला."

हा रिचर्ड माइनर्टझागेन मोठा माणूस. लढाया केलेला, हेरगिरी केलेला, वीस हजारांवर पक्ष्यांची कातडी लंडनच्या संग्रहालयाला दान दिलेला. त्याच्यावर विश्वास न ठेवण्याचं कारण नव्हतं. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांनी हा पक्षी शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण तो काही सापडला नाही. पुढे १९९०च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी कर्नलची कातडी तपासायला घेतली. क्ष-किरणांखाली धरल्यावर त्याच्या रानपिंगळ्यातला भुसा काढून पुन्हा भरल्याच्या खुणा निघाल्या, आणि आत उरलेलं काम डेव्हिडसनच्या हातचं. म्हणजे कर्नलसाहेबांनी संग्रहालयातलाच, १८८०च्या दशकात खान्देशात मेलेला पक्षी ढापला, नवा भुसा भरला, नवी चिठ्ठी बांधली आणि म्हणाले, दिसला.

मला तो माणूस एकदम ओळखीचा वाटला. मी पाणी प्यायले.

रासमुसेनबाईंनी मग मांडवीवर काट मारली, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं तेवढी घेतली आणि बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना बरोबर घेऊन आल्या. ओडिशा, छत्तीसगड पालथं घालून काही मिळालं नाही. शेवटी शहाद्याला आल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७च्या सकाळी, एका निष्पर्ण झाडावर, उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी. यातली मला खरी आवडलेली गोष्ट अशी की, हे घुबड रात्रीचं नाहीच. ते दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतं, उन्हात शिकार करतं. भल्याभल्यांना ते शतकभर दिसलं नाही आणि मला लोक बाभळीवरून बोलतात!

"उद्या तू नीट बघायचं," हे म्हणाले. "नुसतं दिसला म्हणायचं नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला काय काय माहीत असतं हे आपल्याला माहीत नसतं.

दुसऱ्या दिवशी अंधारातच निघालो. गावातला एक पावरा मुलगा वाटाड्या म्हणून पुढे बसला. ॲडमिननी सूचना दिल्या: कुजबुजायचं. अत्तर, पावडर नको. लाल, पिवळं काही अंगावर नको. खोकला आल्यास रुमालात. सागाची झडलेली पानं पायाखाली पापडासारखी वाजतात, म्हणून पाय उचलून ठेवायचा, घासायचा नाही. तरुणाने खिशातून छोटा स्पीकर काढून विचारलं, "कॉल वाजवू या का? नर लगेच समोर येतो." इथे हे ज्या आवाजात "अजिबात नाही" म्हणाले, तो मी बँकेतल्या थकबाकीदारांसाठी राखून ठेवलेला समजत होते. थंडी हा या पक्ष्यांच्या विणीचा काळ. ढोलीत मादी अंड्यांवर, आणि बाहेर कोणीतरी दुसऱ्या नराचा आवाज लावतं. नर बिचारा सगळं टाकून भांडायला येतो, आपण फोटो काढून नाश्त्याला जातो, पाठोपाठ दुसरी जीप येते, पुन्हा तेच. जागेची शपथ घेतात ती याचसाठी. प्रौढ रानपिंगळे सगळे मिळून हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. २०१८ साली त्यांना 'अतिसंकटग्रस्त'वरून एक पायरी खाली आणून नुसतं 'संकटग्रस्त' केलं, तेवढंच समाधान. तरुणाने स्पीकर खिशात ठेवला. मला त्या क्षणी हे फार आवडले. पानांच्या विजारीसकट.

अशी निःशब्द जीप दिवे मंद करून अरुंद रस्त्याने आत चालली होती. एका बाजूला पाटचारी, दुसऱ्या बाजूला वनखात्याने खणलेला चर. आणि समोरून ऊस आला.

हंगाम ऐन जोरात. ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर दोन मजली ऊस, आणि ट्रॅक्टरच्या टपावर खुर्चीएवढे दोन स्पीकर, त्यांतून चाललेलं गाणं छातीत वाजत होतं. आमच्या कुजबुजण्याच्या सूचनेला तिथे काही अर्थ उरला नाही. दोन्ही ड्रायव्हर खाली उतरले आणि शांतपणे एकमेकांच्या गाड्यांकडे बघत उभे राहिले. खान्देशात कोणी घाईने भांडत नाही.

"गाडी मांगे ल्या, भाऊ," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागे जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मागे रेटला की ट्रॉल्या एकमेकींकडे वळून आडव्या बसतात. म्हणजे मागे आम्हीच जायचं. वळायला पहिली जागा मोहाच्या झाडापाशी, आणि ते झाड किलोमीटरभराच्या वर मागे राहिलेलं.

ड्रायव्हरभाऊंनी गिअर टाकला. 'हॅपी बर्थडे' सुरू झालं.

आधी धून. मग ती बाई. मग धून. सातपुड्याच्या त्या गार, काळ्या शांततेत बाईचा आवाज डोंगरावर आपटून परत येत होता. त्यामुळे बाई स्वतःलाच सावध करते आहे असं वाटत होतं. "बंद करा!" ॲडमिन कुजबुजायचं विसरून ओरडले. ड्रायव्हरभाऊ म्हणाले, बंद होत नाही. तरुणाने डॅशबोर्डखाली डोकं घालून तारा शोधल्या. कॉम्प्युटरमधला असल्यामुळे त्याला एक तार सापडली. "ती ओढू नका," ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "मेहुण्याने हेडलाइट पण तिच्यावरच घेतलाय." बाहेर अजून मिट्ट काळोख. म्हणजे उजेड पाहिजे असेल तर वाढदिवसही पाहिजे.

त्यात ड्रायव्हरभाऊंची मान लचकलेली. मागे वळून बघता येत नव्हतं. काचेतून बघावं तर मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' एवढ्या मोठ्या अक्षरांत की आशीर्वादापलीकडे काही दिसू नये. कोणीतरी खाली उतरून मागून दाखवायला हवं होतं. ह्यांच्या मांडीवर कॅमेरा, लेन्सवाल्यांच्या मांडीवर लेन्स, ॲडमिन ॲडमिन. मागच्या दाराशी बसलेली मी. मी टॉर्च घेतली आणि उतरले.

माझ्याइतकं कमी दिसणाऱ्या माणसाने ज्याला मागे अजिबात बघता येत नाही अशा माणसाला वाट दाखवायची, ही व्यवस्था पाटचारीने फार वेळ चालू दिली नाही. मी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होते, ते येत होते, आणि चाक पाटचारीच्या काठावरून कच्च्या मातीत उतरलं. जीप तिरकी झाली. लेन्सवाल्यांनी लेन्स छातीशी धरली. ड्रायव्हरभाऊ गिअर तसाच ठेवून चाक फिरवत राहिले. चाक जागच्या जागी गरगर फिरत होतं आणि बाई सांगत होती, गाडी मागे येत आहे. जे खरं नव्हतं.

मागोमाग ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. ट्रॉल्यांवरून ऊसतोडीची माणसं उतरली. एरवी हे लोक हंगामात कोयते घेऊन गुजरातेत, बारडोली-सुरतेकडे जातात. ही टोळी इथेच राहिलेली. कोणी काही विचारलं नाही, कोणी वैतागलं नाही. चार उसांच्या कांड्या चाकाखाली घातल्या आणि खांदा लावला. उसाच्या ढिगावर एक बाई तेवढी बसून राहिली, मांडीवर लुगड्याच्या पदरात गुंडाळलेलं पोर घेऊन. त्या थंडीत, पहाटे, दोन मजले उंच. मला माझा स्वेटर, त्यावरचं जाकीट आणि कानटोपी फार टोचायला लागली. लेन्सवाले या वेळी पाण्याची बाटली घेऊन पाटचारीपलीकडच्या झुडपांकडे निघून गेले. त्यांच्या पोटाने शेवभाजी मान्य केली नव्हती.

जीप निघाली. पुन्हा मागे. आता पूर्वेला फटफटायला लागलं होतं. रस्त्याकडेचे साग दिसू लागले, खालची पानं सुकून जाळी झालेली, शेंडे उघडे. कुठेतरी सातभाईंनी कलकलाट चालवला होता, त्यात दोन कोतवाल येऊन मिळाले. मी टॉर्च विझवली. समोर जीप, तिच्यामागे ट्रॅक्टर, त्यावर ऊस, उसावर ती बाई, आणि तिच्या पदरातून डोकं बाहेर काढलेलं पोर माझ्या डोक्यावरून मागे कुठेतरी बोट दाखवत होतं. मी वळून बघितलं.

बाभूळ नव्हती, बेचकी नव्हती, वाळकं पान नव्हतं. उघड्या सागाच्या शेंड्यावर, आडव्या फांदीवर, पहिल्या उन्हात, वीतभर उंचीचं एक गरगरीत घुबड बसलं होतं. डोकं मोठं आणि जवळजवळ कोरं, साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर असतात तसे ठिपके नाहीत. छातीवर तपकिरी, त्याखाली स्वच्छ पांढरं. पाय पांढऱ्या पिसांनी नडगीपर्यंत झाकलेले, आणि पंजा अंगाच्या मानाने इतका दांडगा की दुसऱ्या कोणाचा तरी वाटावा. पंज्याखाली सरडा, त्याची शेपटी लोंबत होती. डोळे पिवळे. ते माझ्याकडे बघत होते, पण मला महत्त्व देत नव्हते. सातभाई ओरडत होते, कोतवाल झेप टाकून डोक्यावरून जात होते, बाई सावधान म्हणत होती, ट्रॅक्टरवर गाणं चालू होतं. तो सरडा फाडत होता. मध्येच त्याने शेपटी उडवली, डावीकडे आणि उजवीकडे, आणि तिच्यावरचे रुंद पांढरे पट्टे मला एकेक करून मोजता आले असते.

"दिसला," मी म्हणाले.

"हो का? छान," जीपमधून हे म्हणाले, आणि लेन्स पुसत राहिले.

मी दुसऱ्यांदा बोलले नाही. मागचं दार उघडलं, ह्यांचा दंड धरला आणि ओढून खाली घेतलं. कॅमेरा गळ्यातून निसटून बाकड्यावरच राहिला. मी बोटाने दाखवलं. हे बघत राहिले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. डोळे भरून आले होते आणि ते लपवायला पानांच्या जाकिटात काही सोय नव्हती. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजलेला हा माणूस, त्याला स्वतःसाठी काही मागताना मी पहिल्यांदा ऐकलं होतं ते त्या आमटीच्या वाटीशी. आणि मागून मागून मागितलं काय, तर हे.

जीपने पुन्हा धून धरली. खांदा लावणाऱ्यांतला एक जण पुढे आला. "कोना वाढदिवस शे?" त्याने विचारलं. मी ह्यांच्याकडे बोट केलं. तो मोठ्यांदा हसला, ट्रॉलीतून एक लांबलचक ऊस उपसला आणि ह्यांच्या हातात दिला. हे एका हाताने ऊस धरून, वर बघत, तसेच उभे.

ॲडमिननी बघितला. वाटाड्याने बघितला, पण तो त्याला रोजच बघत असावा, कारण त्याचं अधिक लक्ष ॲडमिनच्या दुर्बिणीकडे होतं. तरुण म्हणाला, आता उजेड झालाय, हेडलाइट कशाला पाहिजे? आणि त्याने ती तार उपटली. ट्रॅक्टरवाल्यानेही शिष्टाचार म्हणून गाणं बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. रानपिंगळ्याने पहिल्यांदाच दचकून मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं, सरडा उचलला आणि उडून गेला.

मोहाच्या झाडापाशी ट्रॅक्टर पुढे गेला. ती बाई वरून आमच्याकडे बघत होती. पोर झोपलं होतं.

जीप पुन्हा पुढे निघाली तेव्हा लेन्सवाले रस्त्याकडेला उभे होते, त्यांना घेतलं. दोन्ही बाजूंना जंगलात घुसलेली शेतं दिसत होती, तुरीत उभे राहिलेले सागाचे बुंधे. "बघा," ॲडमिन म्हणाले, "या लोकांनी सगळं जंगल खाल्लं. असा पक्षी राहणार कुठे?" वाटाड्या पुढे बसून खिडकीबाहेर बघत होता. मला राग आला. एरवी मी गाडीत रागावत नाही, मला लागते. पण ज्यांची घरं आणि शेतं सरदार सरोवराखाली गेली, त्यांना १९९०च्या दशकात तळोद्याच्या राखीव जंगलातून जमीन तोडून दिली होती. पाणी कोणाला मिळालं, वीज कोणाला मिळाली आणि झाडं कोणाच्या नावावर तुटली, हा हिशेब ॲडमिननी कधी मांडलेला नव्हता. त्यांचा स्वतःचा बंगला जिथे आहे तिथे वीसेक वर्षांपूर्वी द्राक्षाची बाग होती, आणि ती द्राक्षं मी खाल्लेली आहेत. मी हे सगळं बोलून दाखवलं. थोडं जास्तच मोठ्यांदा. नंतर बराच वेळ गाडीत फक्त ऊस सोलल्याचा आवाज होता. पानांची टोपी घातलेला एक मनुष्य दाताने ऊस सोलत होता.

तोरणमाळला यशवंत तलाव आहे. सीताखाईची दरी खोल आहे. घाटात मला गाडी लागली.

परतीच्या वाटेवर शहाद्याच्या अलीकडे ढाब्यावर जेवायला बसलो. भरीत, कळण्याची भाकरी, हिरवा ठेचा. ॲडमिन मोबाइलवर सगळ्यांची मिळून यादी भरत होते. "रानपिंगळा, एक," ते म्हणाले. "सगळ्यांना दिसला ना?"

हे म्हणाले, दिसला. तरुण म्हणाला, दिसला. लेन्सवाल्यांनी घास खाली ठेवला. जरा दम खाल्ला. खिडकीबाहेर उजवीकडे पाहिलं.

"दिसला की," ते म्हणाले. "लांबून, पण स्वच्छ. शेपटी हलवत होता ना?"

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मी काही बोलले नाही. त्यांच्या ताटात आणखी भरीत वाढलं. ॲडमिननी पाचही नावांपुढे खूण केली. लेन्सवाले म्हणाले की डोळे फारच पिवळे होते हो, आणि मग त्यांनी दुसरी भाकरी मागवली.